पोळ्याला वळसा

टेहळणीच्या मनोऱ्यावर खारूताई कठड्याला धरून उभी होती आणि खालच्या रानातल्या तांबड्या फिती बघत होती. जे झाड बुरशीने साल कुजून मरणार, त्याला तांबडी फीत. हा रोग पसरतो तरी कसा, ते उंचावरून कळेल म्हणून केंद्रातल्या मॅडम तिला वर घेऊन आल्या होत्या. वारा नेतो म्हणावं, तर फिती वाऱ्याच्या दिशेला नव्हत्या. पाणी नेतं म्हणावं, तर उतारालाही नव्हत्या. त्या नागमोडी ओळीने चालल्या होत्या, आणि एका मोठ्या खडकापाशी त्या ओळीने भलामोठा वळसा घेतला होता.

"तिथे काय आहे गं?" मॅडमनी विचारलं.

"गांधीलमाश्यांचं पोळं," ती म्हणाली.

बुरशीला गांधीलमाश्या चावत नाहीत. पोळं चुकवून लांबून गेली होती ती स्वतः.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली ही पोरगी सुट्टीत वनसंशोधन केंद्रात इंटर्नशिपला आली, ती वाऱ्यासारखीच. खारूताई हे नाव तिला आल्या आल्याच पडलं. काम साधं होतं. सुरीने नखाएवढी साल काढायची. आत पांढरं दिसलं तर झाड निरोगी, तपकिरी दिसलं तर आजारी. मग सुरी स्पिरिटमध्ये बुडवायची, जरा थांबायचं, पुसायची, आणि मगच पुढच्या झाडाला हात लावायचा. हे थांबणं तिला जमेना. 'सुरीला काय सर्दी झालीय?' असं म्हणून ती पातं विजारीला पुसायची आणि पुढे पळायची. बाकीच्या इंटर्नची एक ओळ संपेपर्यंत तिच्या दोन झालेल्या असायच्या. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"प्रत्येक झाडानंतर सुरी बुडवत होतीस ना?" मॅडमचा आवाज एकदम खाली आला होता.

खोटं बोलणं सोपं होतं. पण फिती समोरच फडफडत होत्या.

"नाही."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या कठड्याला टेकल्या. "कुंपणानेच शेत खाल्लं की गं," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी ओढ्याकडे बोट केलं. "पलीकडच्या रानात तुमच्यापैकी कुणी गेलेलं नाही, तेवढं नशीब. बी धरायला आता तेवढीच झाडं राहिली. ती गेली की ही जात संपली म्हणायची."

खारूताईने पलीकडे पाहिलं. झाडांच्या वर शाळेचं छप्पर दिसत होतं.

रानात ती गेली नव्हती, हे खरं. पण काल केंद्राच्या गाडीतून ती त्या शाळेत गेली होती. शाळांमधून विज्ञान शिकवणं हाही इंटर्नशिपचाच भाग होता, आणि त्यात तिचा जीव रमायचा. ऐकून विज्ञान येत नाही, करून येतं, असं तिने नववीच्या मुलांना सांगितलं. आजारी झाडाचा एक ओंडका तिने मुद्दाम सोबत नेला होता. आधी यावर सुरी चालवा, मग निरोगी झाडावर, म्हणजे फरक डोळ्यांत भरेल. मुलं हरखून गेली. निघताना तिने ओंडका आणि सुऱ्या तिथेच ठेवल्या आणि म्हणाली, तुमच्या बाजूचं रान आता तुम्हीच तपासा. स्पिरिटचं नावही तिच्या तोंडून निघालं नव्हतं. इतका चांगला तास तिने आजवर कधीच घेतला नव्हता.

ती जिना उतरत सुटली. मॅडम वरून हाका मारत राहिल्या. ओढा तिने बुटांसकट ओलांडला. शाळा सुटायची असेल अजून, मुलं वर्गातच असतील, असं ती स्वतःला बजावत होती. सुऱ्या काढून घेऊ, ओंडका जाळून टाकू, नाक घासून माफी मागू. फक्त मुलं वर्गात असू देत.

मुलं रानातूनच बाहेर येत होती. मागून त्यांचे सर कौतुकाने हसत चालले होते. प्रत्येकाच्या गणवेशावर, मांडीपाशी, सुरी पुसल्याचे चिकट डाग होते. तिला बघताच सगळ्यांत पुढची मुलगी धावत आली आणि तिने खारूताईचा हात धरला.

"ताई, एकही सोडलं नाही! तुम्ही शिकवलंत तस्संच, दर वेळी आधी ओंडका, मग झाड." तिला धाप लागली होती, पण आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "आमच्याकडचं एकूणएक झाड निरोगी आहे!"