भांडुपची आजी, चेंबूरची आजी

धाकट्या लेकाच्या, सुबोधच्या घाटकोपरच्या फ्लॅटमधली दुसरी बेडरूम दहा बाय अकराची होती. तिला एसी होता, मोठी खिडकी होती आणि आतून लागणारी कडी होती. प्रेमाबाईंनी ती स्वतः दोनदा लावून पाहिली होती. भांडुपला थोरल्या राजेशच्या घरात त्या ओट्याखाली पाय सारून झोपायच्या. तेव्हा खोली मिळाली तर फायदा उघड होता. पण ती विहीणबाईंना, मृणालिनीबाईंना मिळणार नाही, हा फायदा त्याहून मोठा होता.

पिझ्झाच्या बुफेसमोर प्लेट धरून त्यांनी हा हिशोब पुन्हा एकदा मांडला. बरोबर येत होता.

सोमवारपासून मुलांचं पाळणाघर बंद होणार होतं. ओजस पाच वर्षांचा, स्वरदा तीनची, आणि आईबाप आठच्या ठोक्याला घराबाहेर. सुबोधच्या बायकोने, जान्हवीने, सासूला आणि आईला एकाच वेळी फोनवर घेऊन सांगून टाकलं होतं, "रविवारी दोघी या. मुलं जिच्याकडे रमतील, तिने राहायला यायचं. नंतर रुसवेफुगवे नकोत."

म्हणून हा मॉल. पोटभर पिझ्झा आणि शेजारी मुलांचे खेळ.

प्रेमाबाईंना धास्ती होती ती बालवाडीची. चेंबूरच्या मृणालिनीबाई बत्तीस वर्षं बालवाडीच्या बाई होत्या. तीस पोरं एका टाळीत गप्प करायची मम्मी, असं जान्हवी कौतुकाने सांगायची आणि प्रेमाबाईंना घास कडू लागायचा. सुबोधच्या हॉलमधल्या फोटोत विहीणबाई मधोमध होत्या. प्रेमाबाई कडेला, एक कान कापलेला. त्यात आज ही बाई जीन्स आणि पांढरे बूट घालून आली होती. नातवंडांच्या मागे धावायची जय्यत तयारी!

तेवढ्यात मृणालिनीबाईंचा फोन वाजला. पोरांच्या कलकलाटाने कान गेले म्हणून त्या नेहमी स्पीकरवरच बोलत.

"मृणाल, तुझं नक्की काय? अंदमानची तिकिटं अडकलीत!"

"श्वेता, संध्याकाळी सांगते गं. निकाल लागू दे."

हरली तर मैत्रिणींबरोबर फिरायची सोय आधीच करून ठेवली, प्रेमाबाईंच्या मनात आलं. धोरणी बाई.

पण टेबलावर मात्र भलतंच झालं. मृणालिनीबाईंनी ओजसच्या पुढ्यात भरपूर सिमला मिरचीचा पिझ्झा ठेवला.

"यक!"

"यक काय? भाजी संपल्याशिवाय खेळ नाही. हाताची घडी, तोंडावर बोट."

ओजसचा ओठ थरथरला. प्रेमाबाईंनी प्लेट ओढली, मिरचीचा एकेक तुकडा वेचून स्वतः खाल्ला. "खा रे माझ्या बाबू. ती मिरची मेली आजीला आवडते."

ओजस सरकून त्यांना चिकटला. मृणालिनीबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "तुमचा हात गोड आहे हो, विहीणबाई."

खेळांच्या दारात जान्हवीने पैसे भरलेलं कार्ड आईच्या हातात दिलं. मृणालिनीबाईंनी ते उलटसुलट करून प्रेमाबाईंकडे सरकवलं. "मला नाही जमत हे मशीनबिशीन. तुम्हीच धरा. ओजसला ना, तो बेडूक ठोकायचा खेळ दिला की अर्धा तास..." आणि एकदम जीभ चावली.

प्रेमाबाई कसल्या सोडतात. त्यांनी हातोडी उचलून असे बेडूक ठोकले की काकणं वाढवली. ओजस उड्या मारत होता. मशीनमधून तिकिटांची माळ सुटली, तिच्यावर प्लास्टिकचा डायनासोर आला.

स्वरदाला चेंडूंच्या हौदात जायचं होतं. आजी बरोबर हवी, आणि मोज्यांशिवाय आत सोडत नव्हते.

"अगोबाई, मोजे विसरले," मृणालिनीबाई बाकावर बसल्या.

बालवाडीची बाई म्हणे! प्रेमाबाईंनी काउंटरवरून मोजे घेतले, पदर खोचला आणि लाल-निळ्या चेंडूंत गळ्यापर्यंत बुडाल्या. कंबर बोलत होती. पण बाकावर एकटी बसलेली विहीण बघून त्या दुखणं विसरल्या.

संध्याकाळी स्वरदा त्यांच्या खांद्यावर झोपली होती आणि ओजस पदर सोडत नव्हता. जान्हवीने विचारलं, "बोल, कोणती आजी घरी यायला हवी?"

"भांडुपची आजी!"

"ठरलं मग," जान्हवी म्हणाली.

"आई, त्या खोलीत बंक बेड टाकतोय," सुबोध म्हणाला. "पोरं तुझ्याजवळच झोपतील. आमची वर्षाची झोप थकलीय." पण प्रेमाबाईंचं अर्धं लक्ष समोर होतं. मृणालिनीबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला होता. मग त्यांनी बिल ओढून घेतलं. "एवढं तरी मला करू दे."

करू दे बिचारीला, प्रेमाबाईंनी मोठ्या मनाने म्हटलं.

सुबोध आणि जान्हवी गाडी आणायला गेले. गेटवर मृणालिनीबाईंना रिक्षा मिळाली, पण पुढे गर्दीत ती तिथेच अडकली. आत बसल्या बसल्या त्यांनी बूट काढून पाय मोकळे केले. पायांत पिवळ्या पट्ट्यांचे मोजे होते.

प्रेमाबाईंच्या खांद्यावरची स्वरदा जड झाली होती. रिक्षातून मृणालिनीबाईंनी फोन लावला. स्पीकरवर.

"श्वेता, काढ माझं तिकीट!"

"हरलीस?"

"सपशेल! दोन्ही पोरं तिच्या गळ्यात."

"आणि खड्डा किती पडला?"

"माझे चार हजार आठशे," रिक्षा हलता हलता आवाज आला. "बाकीचं प्रेमाबाई फेडतील. धाकटी दहावीला जाईपर्यंत."