काहीच न विचारणारा पाहुणा

“मास्तर पुन्हा खाली गेलेत,” ताई फोनवर हळूच म्हणाल्या.

“जाऊ द्या. अडवू नका, फक्त लक्ष ठेवा,” पलीकडून पाहुणा म्हणाला.

ताईंनी फोन ठेवला आणि काचेतून जिन्याकडे पाहिलं. अख्ख्या शहराला पाणी पाजणारं शुद्धीकरण केंद्र त्यांच्या हाताखाली होतं. शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. मास्तर हे तिथले सर्वांत जुने ऑपरेटर. दुसऱ्यांच्या चुका काढायची खोड अशी, की मास्तर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पाण्यात क्लोरीन किती जातोय ते कंट्रोल रूममधल्या पडद्यावर बसल्या जागी दिसायचं. बाकीचे तेवढ्यावर भागवत. मास्तर मात्र प्रत्येक पाळीत टॉर्च घेऊन तळघरात उतरत आणि क्लोरीनच्या पाइपवरच्या जुन्या गेजचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघून येत.

“पडद्याचं ऐकावं, काट्याचं मानावं,” असं वर सुनावत. सगळे हसत. ताईही हसत.

हल्ली मात्र त्यांच्या तळघराच्या खेपा वाढल्या होत्या. मोबाइलवर फोटो काढायचे, कुणाची चाहूल लागली की मोबाइल खिशात. पूर्वी ताईंनी ते मनावरही घेतलं नसतं.

पाहुणा त्यांना पहिल्यांदा भेटला तो बागेत, सकाळी फिरताना. गुप्तवार्ता विभागाचं ओळखपत्र दाखवून म्हणाला, “तुमच्याकडे घरभेदी आहे अशी खबर आहे.” ताई काही दूधखुळ्या नव्हत्या. ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं, त्याने दिलेल्या कार्डावरच्या नंबरला फोन लावून खात्री करून घेतली. पलीकडून आधी एका बाईने विभागाचं नाव घेतलं, मग त्याचे साहेब स्वतः बोलले. तरी ताईंनी मनाशी खूणगाठ बांधली, की याने केंद्राबद्दल एक जरी प्रश्न विचारला तर थेट पोलिसांत जायचं.

त्याने एकही विचारला नाही. कुलपं कुठे, पहारा किती, पासवर्ड कुणाकडे, काही म्हणजे काही नाही. एकदा बोलण्याच्या ओघात ताईच पंपांचं सांगू लागल्या, तर त्याने हात आडवा केला.

“ते मला नका सांगू. मला फक्त मास्तरांचं सांगा.”

ताईंचा जीव भांड्यात पडला. चोर असता तर तिजोरीचं विचारलं असतं. हा बिचारा केंद्राच्या फाटकाशीही येत नव्हता, आत आलो तर सावज सावध होईल म्हणून.

शेवटी एका सकाळी तो बाकावर बसता बसता म्हणाला, “आता थांबण्यात धोका आहे. त्यांना घरी बसवा. कारण सांगू नका. पुढचं आम्ही बघतो.”

ताईंना गलबलून आलं. त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात मास्तरांनी त्यांच्या पाळ्या विनातक्रार ओढल्या होत्या. एवढ्या उपकारांची आठवण ठेवून एक संधी तरी द्यावी म्हणून त्यांनी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं,

“मास्तर, तळघरात चाललंय काय तुमचं?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आज नाही सांगता येणार, ताई. दोन दिवस द्या.”

“मलाही नाही सांगता येणार?”

“कुणालाच नाही. उगाच कुणावर आळ यायला नको.”

दोन दिवसांत काय उरकायचं आहे यांना? ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होतीच, आता ती थांबेना. त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी गळ्यातला पास काढून दिला, टॉर्च टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेले आणि वळले.

“खाली कोण बघणार आता?”

“पडदा आहे ना,” ताई म्हणाल्या. आवाज जरा जास्तच चढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई दमून घरी आल्या, तर नात पाण्याचा पेला नाचवत समोर. ही कार्टी नळाचं पाणी एरवी नाक दाबून प्यायची, तेही दहा वेळा ओरडल्यावर.

“आजी, आज तुझ्या पाण्याला वासच नाही! मी दोन पेले प्यायले!”

“खरंच, आई,” सून म्हणाली. “आज अगदी गोड लागतंय.”

“आहेच मुळी तुझी आजी हुशार,” म्हणत ताईंनी नातीला जवळ घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

सकाळी त्या केंद्रात पोहोचल्या तेव्हा वरिष्ठ साहेब त्यांच्याच खोलीत बसले होते. सोबत एक बाई आणि एक तरुण.

“ताई, हे गुप्तवार्ता विभागाचे. मास्तरांना बोलवा.”

“त्यांना परवाच घरी बसवलं,” ताई म्हणाल्या आणि त्या बाईंकडे वळल्या. “तुमच्याच माणसाच्या सांगण्यावरून.”

“आमच्या माणसाच्या?” बाईंच्या कपाळाला आठी पडली. “पडदा आणि काटा जुळत नाहीत, पडद्यात कुणीतरी शिरलंय, असं मास्तरांनीच आम्हाला कळवलं. आम्ही येईपर्यंत कुणाशी बोलू नका, असं त्यांना आम्हीच बजावलं होतं. आमचं कुणी इथे आज पहिल्यांदाच येतंय.”

ताईंनी काचेतून कंट्रोल रूममधल्या पडद्याकडे पाहिलं. क्लोरीनचा आकडा हिरवागार, जिथल्या तिथे. त्यांनी टेबलावरची टॉर्च उचलली आणि धावतच तळघर गाठलं.

काटा शून्यावर होता.