भुवईतले टाके

“रक्त बघून तुमच्यापैकी कोण कोण आडवं झालंय?” मेडिकलच्या मुलाखतीत हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींची पैज होती. मला मात्र उत्तर खरंच हवं होतं. शाळेत एकीचा गुडघा फुटला, तर ती उभी, मी आडवी! समोरच्या तिघा डॉक्टरांनी “तुला काही विचारायचंय?” म्हणताच मी डोळे मिटून विचारून टाकलं. दोघे सर चपापले. सर्जन मॅडम चष्मा काढून भुवईतला व्रण दाखवत हसल्या. “पहिलंच ऑपरेशन. पेशंट टेबलावर, मी टेबलाखाली! आधी त्याला टाके घातले, मग मला. अगं, गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, उपाशी उभं राहायचं नाही. बाकी सवयीनं जमतं.” माझा जीव भांड्यात पडला. बाहेर नखं खात बसलेल्या आईबाबांना मी ठणकावून सांगितलं, “सीट मिळाली तर घेणार! पडले तर उचलायला माणसं आहेत तिथे.”