डब्यातलं सूत

अक्षतानं व्हॅक्यूमचा डबा बाल्कनीत ओल्या वर्तमानपत्रावर उपडा केला आणि ती तशीच उकिडवी बसून राहिली. धुळीत आज पुन्हा लाल-हिरव्या सुताचे तंतू होते.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घराच्या आसपास एकही माग नाही. अंथरायच्या चादरीही पांढऱ्या. सूत येणार ते कुणाच्या तरी अंगावरूनच, आणि घरात मागावरचं माणूस एकच. तिचे सासरे अण्णाराव. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं चादरींचा माग चालवला होता. मग डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून बजावलं, आणखी सूत आत गेलं तर ऑक्सिजनच्या नळीवर जगावं लागेल. त्यांनी काम सोडलं.

म्हणून तर हेपा फिल्टरचं हे यंत्र घरात आलं. झाडूनं धूळ उठते आणि परत बसते, साधा व्हॅक्यूम बारीक कण मागून हवेत सोडतो, हा मात्र धरून ठेवतो, हे अक्षता शेजारणींना इतक्यांदा सांगायची की त्या तिला लांबून बघूनच वाट बदलायच्या. पण म्हाताऱ्यांचा खोकला खरोखर कमी झाला होता, त्यामुळे तिला कुणी हसत नव्हतं.

तिचा नवरा सिद्धराम सकाळी ऑफिसला जायचा, संध्याकाळी आला की आधी आंघोळ करायचा. हल्ली साधी गोष्टही ओरडून सांगायचा. गिऱ्हाइकांशी बोलून सवय लागली, म्हणे. अण्णाराव दुपारी तळ्याकाठी देवळात जाऊन बसायचे. निदान तसं सांगायचे.

तिनं तो कागद उचलून सासऱ्यांपुढे धरला.

"मामा, हे काय आहे?"

अण्णारावांनी चष्मा लावला. एक तंतू बोटांत धरून उजेडात बराच वेळ पाहिला.

"चादरीचं सूत हाय की."

"तुम्ही देवळात जात नाही. कारखान्यात जाता."

आत सिद्धराम आंघोळ करत होता. पाण्याचा आवाज थांबला तसे अण्णाराव घाईनं म्हणाले, "व्हय, जातो. घरात करमत न्हाय. सिद्धूला सांगू नगंस."

अक्षताला रडू आवरेना. तिचे वडील ती चौथीत असताना गेले होते. या घरात आल्यावर तिला पुन्हा बाप मिळाला होता, आणि तो असा हातानं मरण ओढवून घेत होता.

"मैंदर्गीला आत्यांकडे जाऊन राहा महिनाभर. नाहीतर मी ह्यांना सगळं सांगते."

अण्णारावांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ते बहिणीकडे, चंद्रव्वाकडे गेले.

त्याच दुपारी अक्षतानं गाद्या, पडदे, सोफ्याच्या फटी, सगळं यंत्रानं ओढून काढलं. फिल्टर बदलला. घरात आता ती आणि सिद्धराम, दोघंच. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

पाचव्या दिवशी तिनं डबा उपडा केला. लाल. हिरवं.

जुनंच कुठंतरी राहिलं असेल, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. मग रिकामा डबा परत लावला आणि नळीचं तोंड दारामागे टांगलेल्या सिद्धरामच्या पँटीवरून फिरवलं. फक्त त्या पँटीवरून. यंत्र बंद करून तिनं डब्यात पाहिलं आणि फोन घेतला.

"मामा, खरं सांगा. कारखान्यात तुम्ही शेवटचे कधी गेलात?"

पलीकडे चंद्रव्वा कुणाशी तरी कानडीत बोलत होती. अण्णाराव उठून बाहेर आल्याचं जाणवलं.

"दोन वर्सं झाली की," ते म्हणाले. "त्याला काय बोलू नगंस, पोरी. ऑफिसातनं काढलंय त्याला. माझ्याच मागावर हुबा ऱ्हातोय त्यो."