भुंग्याची गादी

तिसरी गादीही भुंग्यानं नुसती हुंगली. तिला वळसा घालून तो प्रेरणाच्या बंद दारासमोर गेला आणि पुन्हा उभाच राहिला.

प्रांजलीचा चेहरा पडला. जालना रोडवरच्या दुकानदारानं छातीला हात लावून सांगितलं होतं, "ताई, हिच्यावर न झोपलेलं कुत्रं मी तरी अजून बघितलं नाही." आता त्यालाच इथं आणून दाखवावं असं तिला वाटलं. पहिली गादी गोल होती, तिच्यात या धनगरी धुडाचे पुढचे दोन पायच मावले असते. दुसरी इतकी मऊ की प्रांजलीला स्वतःलाच तिच्यावर पडावंसं वाटलं. म्हणून ही टणक आणली. मधे बानाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, आपली घोंगडी अंथरून पाहिली होती. त्यानं घोंगडीलाही भीक घातली नव्हती.

"नको गं पोरी आता दुकानं पालथी घालू," पिशवीची गाठ मारत बानाबाई म्हणाल्या. "आठ दिस झालं, त्याच्या डोळ्याला डोळा नाय. उभ्याउभ्या मरंल ते. मी पाचच्या जीपनं जाते त्याला घेऊन."

"आणि आत्या, तिथं परत पडलात तर?"

"मंग ते हाय की."

गंगापूरकडच्या त्या घरात म्हातारी मोरीत पडली होती, तेव्हा खरंच 'ते' होतं म्हणून निभावलं. भुंग्यानं भुंकून भुंकून शेजारच्या पुंजारामला दारात आणलं होतं. त्यानंतरच आठ दिवसांपूर्वी दोघांनाही इकडं शहरात आणलं होतं. पण दर वेळी पुंजाराम घरी असेलच असं थोडंच आहे? शिवाय सासूबाई आल्यापासून "तू जेवलीस का?" असं विचारणारं घरात कुणीतरी होतं. आपल्याला त्याची इतकी सवय लागेल असं प्रांजलीला वाटलं नव्हतं. त्यांनी जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. आणि सगळं अडलं होतं ते या कुत्र्याच्या बुडाखाली काय घालावं यापाशी.

नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. टाकीत तळाशी थोडंसंच उरलं होतं, त्यात तीन कूलर कुठून भरणार? तिनं दोन्ही खोल्यांतले बंद केले, हॉलमधला तेवढा भरला आणि ओरडून सांगितलं, "ज्याला गार वारं पाहिजे त्यानं बाहेर यावं."

शेंद्र्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला अजिनाथ, तिचा नवरा, उशी काखेत मारून कुरकुरत आला आणि कूलरसमोर आडवा झाला. बारावीचं पुस्तक घेऊन लेक प्रेरणा आली, दोन पानं वाचली आणि पुस्तक तोंडावर घेऊन झोपली. बानाबाई भिंतीकडे कलंडल्या, जीपला अवकाश होता. भांडी आवरून प्रांजलीही फरशीवरच लवंडली. झोप कसली येते! डोळे मिटून ती भुंग्याची नखं ऐकत राहिली. टिक टिक, टिक टिक, हा बाबा चालूच.

नखं अजिनाथपाशी थांबली. मग प्रेरणाच्या पायाशी. मग बानाबाईंपाशी. नंतर प्रांजलीच्या मानेवर गरम श्वास आला आणि गेला. नखं एका खोलीत जाऊन आली, दुसऱ्या खोलीत जाऊन आली. मग बाहेरच्या दारापाशी धप्पकन आवाज झाला.

तिनं डोळे उघडले. भुंग्या उंबऱ्यालगत नुसत्या फरशीवर आडवा पसरला होता. त्यानं एक लांबलचक सुस्कारा सोडला, हनुवटी पायांवर टेकली आणि थोड्याच वेळात चक्क घोरायला लागला.

अजिनाथ कोपरावर उठून बघत होता. "वाघर लागली," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे?" पुस्तकाखालून प्रेरणानं विचारलं.

"सांजच्याला मेंढरं बसवली की भवतीनं जाळी लावायचो आम्ही. ती वाघर. सगळी आत आली का नाय बघितल्याबिगर कुत्रं टेकत नसतं. आपण बसलो होतो चार जागी दारं लावून. हे बिचारं आठ दिस गोळा करतंय आपल्याला."

बानाबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे गदगदत होते. त्या हसत होत्या की रडत होत्या ते प्रांजलीला कळेना. "आगं बया, सारा जलम मेंढरामागं गेला माझा," त्या म्हणाल्या, "आन् मी येडी त्याला घोंगडी आंथरतेय."

प्रांजलीचा जीव भांड्यात पडला. हसूही येत होतं आणि आठ दिवसांचा शीण एकदमच अंगावर आला होता. तिनं लगेच उठून दोन्ही खोल्यांची दारं भिंतीला टेकवली आणि त्यांना एकेक खुर्ची लावून ठेवली.

"माय," घड्याळाकडे बघत अजिनाथ म्हणाला, "जीपवाल्याला काय सांगू?"

"हळू बोल रं. आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

प्रांजली खाली बसली. ती नवीकोरी टणक गादी हॉलच्या मधोमध तशीच पडली होती. सासूबाईंकडे न बघता ती कुजबुजली, "आत्या, ही उद्या परत करून टाकते मी."

"कशाला?" डोळे न उघडताच बानाबाई म्हणाल्या. "इकडं सरकव. गुडघ्याखाली घेते. लई दुखायलेत."