साबणाचं झाकण

वॉशिंग मशीन पुन्हा धडधडायला लागलं आणि खालून फेसाळ पाणी पसरलं. शर्वाणीनं थकून त्यावर फडकं टाकलं. पाइप आवळून झाला होता, फिल्टर धुऊन झाला होता, मशीनचे पायही एका पातळीत आणून झाले होते.

"खलास झालंय ते. नवीन आणू," अप्पा म्हणाले.

"आईनं निवडलेलं आहे."

आई गेल्यापासून दुबईच्या ऊद मेथा भागातल्या त्या घरात बोलणं असंच मध्येच तुटायचं.

शनिवारी शर्वाणीनं कपडे भरले, खणात झाकणभर साबण ओतला आणि फोन वाजला म्हणून आत गेली. परतली तेव्हा अप्पा चष्मा सावरत त्याच खणात झाकणभर साबण ओतत होते.

"अप्पा, मी घातलाय."

"आज घातलास होय? एरवी मीच घालतो. कपडे तू टाकायचीस, साबण तुझी आई घालायची. म्हटलं, तुझ्या लक्षात यायचं नाही."

"मी रोज घालते. मला वाटलं, तुमच्या लक्षात यायचं नाही."

अप्पा हातातल्या झाकणाकडे बघत राहिले.

"म्हणजे मशीनला काही झालेलं नाही."

"नाही," शर्वाणी म्हणाली. "मशीनला नाही."