दोघांपुरती जागा

शांतवनराव उजागरे नगरपालिकेच्या ख्रिस्ती दफनभूमीत, दोघांसाठी विकत घ्यायच्या जागेवरच्या गवतात उताणे पडले होते. पाणसळ लावून त्यांनी जमिनीचा उतार तपासला होता. पाय पूर्वेकडे येतील, म्हणजे पुनरुत्थानाच्या सकाळी डोळे उघडताच उजेड समोर, हेही पाहून झाले होते. राहिला होता तो पत्नीचा, सगुणाबाईंचा होकार. त्यांना माहेरच्या गावी, आईच्या कबरीशेजारी निजायचे होते.

"उठा हो! माणसं बघतील, तर आत्ताच माती द्यायला धावतील."

"तू पडून तर बघ."

कुरकुरत त्या त्यांच्या उजव्या बाजूला आडव्या झाल्या. बुचाची पांढरी फुले गिरक्या घेत उतरत होती. आभाळ इतके जवळ आले, की आपण जमिनीवर आहोत की जमिनीखाली, हेच शांतवनरावांना उमगेना. त्या गुंगीतच त्यांनी हलकेच विचारले, "राहशील ना इथे, माझ्याजवळ?"

तेवढ्यात गवत सळसळले. सगुणाबाई उठून चालू लागल्या होत्या. ही आईकडेच निघाली, असे वाटून शांतवनरावांनी डोळे मिटून घेतले.

पण त्या वळसा घालून डाव्या बाजूला आल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

"हं, आता बोला. माझा डावा कान बहिरा. इतकी वर्षं या अंगाला निजते, तरी विसरलात?"

"राहशील इथे?"

"राहीन."

"आणि आई?"

"ती जन्माची अबोल. तिच्याशेजारी एवढा काळ कुणाची बडबड ऐकू मी?"